शक्तिचलित बाह्यकंकाल : विज्ञानकथेपासून प्रत्यक्ष वापरापर्यंतचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
खेकडा, झिंगा यांसारख्या प्राण्यांच्या शरीराला आधार देणारे कठीण कवच बाहेरून असते. जीवशास्त्रात त्यास बाह्यकंकाल म्हणतात. मानवाने अंगावर चढवावयाच्या आणि त्याच्या सांध्यांना बाहेरून शक्ती पुरविणाऱ्या यंत्रालाही याच अर्थाने एक्सोस्केलेटन अथवा शक्तिचलित बाह्यकंकाल असे नाव मिळाले. या यंत्राचा इतिहास बहुधा सैनिकी सामर्थ्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु कथाकारांनी ज्या बलवान सैनिकासाठी हे यंत्र कल्पिले, त्याच्यापेक्षा चालू न शकणाऱ्या व्यक्तीच्या ते अधिक उपयोगी पडले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कल्पनेचा कालखंड :
या विचाराचा आरंभ साहित्यात झाला असे म्हणता येत नाही. चालणे, धावणे व उडी मारणे सुलभ करणाऱ्या साधनाचे पेटंट रशियातील निकोलस याग्न यांना १८९० मध्ये अमेरिकेत मिळाले होते. तथापि या कल्पनेला लोकप्रियता मिळवून दिली ती विज्ञानकथांनी. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ (१९५९) या कादंबरीतील सैनिक शक्तिचलित चिलखत घालून लढतात. हे चिलखत परिधान करणाऱ्याच्या हालचालींचा दाब ओळखून आपोआप तशीच हालचाल करते. त्याला वेगळे नियंत्रण करावे लागत नाही. प्रत्यक्षातील सर्वांत अवघड प्रश्न कादंबरीकाराने असा एका फटकाऱ्यात सोडविला होता. १९६३ मध्ये अवतरलेल्या ‘आयर्न मॅन’ या चित्रकथेचा नायक मात्र जखमी आहे. त्याच्या छातीवरील यंत्र प्रथम त्याचे हृदय चालू ठेवते. दुर्बल झालेल्या देहाचा आधार हा धागा कल्पनेतही होता. वाचकांच्या लक्षात राहिले ते चिलखताचे बळ.

प्रयोगशाळेतील अपयश :
जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने १९६५ च्या सुमारास ‘हार्डिमन’ हा प्रकल्प हाती घेतला. सुमारे ६८० किलोग्रॅम वजन माणसाला सहज उचलता यावे, हे त्याचे उद्दिष्ट होते. यंत्राचे स्वतःचे वजनही जवळपास तेवढेच झाले. संपूर्ण यंत्र एकाच वेळी चालविण्याचा प्रयत्न केला असता ते अनियंत्रितपणे हिसके देऊ लागे. त्यामुळे माणूस आत असताना ते पूर्णपणे कधीच चालविले गेले नाही. अखेरीस केवळ एका हातावर काम केंद्रित झाले. त्या हाताने सुमारे ३४० किलोग्रॅम वजन उचलले आणि १९७१ च्या सुमारास प्रकल्प थांबला. शक्ती निर्माण करणे शक्य होते; ती मानवी इच्छेच्या आज्ञेत ठेवणे शक्य नव्हते, हाच या अपयशाचा अर्थ होय.

पर्यायी परंपरा :
याच काळात तत्कालीन युगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्रातोविच व त्यांचे सहकारी वेगळ्या हेतूने काम करीत होते. पक्षाघातग्रस्तांना चालविण्यासाठी त्यांनी हवेच्या दाबावर चालणारी बाह्यकंकाले १९६९ पासून विकसित केली. त्यांचे उद्दिष्ट मर्यादित होते : तोल न जाता पुढचे पाऊल पडावे. या संशोधनातून पुढे आलेले तोल टिकविण्याचे तत्त्व नंतर दोन पायांच्या यंत्रमानवांनाही उपयोगी पडले.

प्रत्यक्ष वापर :
लहान संगणक, संवेदक आणि हलक्या विद्युतघटांमुळे परिस्थिती पालटली. जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाचे योशियुकी सांकाई यांनी ‘हॅल’ हे यंत्र विकसित केले. हालचालीची इच्छा होताच त्वचेवर उमटणारे क्षीण विद्युतसंकेत ते टिपते. जपानने २०१५ मध्ये त्यास वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. इस्रायलमधील अमित गॉफर यांना १९९७ च्या अपघातात चारही अवयवांचा पक्षाघात झाला. त्यांनी निर्माण केलेल्या ‘रीवॉक’ला २०१४ मध्ये अमेरिकेत वैयक्तिक वापरासाठी परवानगी मिळाली. मात्र हे यंत्र वापरण्यासाठी हातांनी कुबड्या धराव्या लागतात. त्यामुळे स्वतः गॉफर यांना ते वापरता येत नव्हते. इतरांना उभे करणारा संशोधक स्वतः खुर्चीतच राहिला, हे सत्य या तंत्रज्ञानाच्या यशाइतकेच त्याच्या मर्यादेचेही निदर्शक आहे. पुढे त्यांनी आपल्यासारख्यांना उभ्याने फिरता येईल असे चाकांचे वाहन तयार केले.

सैनिकी स्वप्न मात्र अपुरेच राहिले. अमेरिकेच्या विशेष सैन्यदलांनी २०१३ मध्ये जाहीर केलेला ‘टॅलोस’ हा चिलखताचा प्रकल्प २०१९ मध्ये लढाऊ पोशाख न देताच संपला.

निष्कर्ष :
यंत्र तयार होणे आणि ते गरजूच्या हाती पडणे, या इतिहासातील दोन भिन्न घटना आहेत. अमेरिकेतील मेडिकेअर या शासकीय आरोग्यविम्याने १ जानेवारी २०२४ पासून अशा यंत्रांचा समावेश शरीराला आधार देणाऱ्या साधनांच्या वर्गात केला. परवानगीनंतर सुमारे दहा वर्षांनी झालेला हा वर्गीकरणातील बदल कोणत्याही कथेत शोभणारा नाही. परंतु महागडे यंत्र कोणाला परवडणार, हे अशाच निर्णयांवर ठरते. म्हणून या तंत्रज्ञानाच्या प्रगतीचे माप किती वजन उचलले यावरून न घेता, कोण उभे राहिले आणि कोण अद्याप बसूनच आहे, यावरून घेणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने अधिक न्याय्य ठरेल.