नमुना विमान, रेडिओ-नियंत्रित : अपघात, निदान व दुरुस्ती

माणूस वाहून न नेणाऱ्या आणि जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाने रेडिओ संदेशांच्या साहाय्याने नियंत्रित करावयाच्या लहान विमानास रेडिओ-नियंत्रित नमुना विमान म्हणतात. हौशी माणसाने घरी बांधलेले असे विमान सुरुवातीच्या उड्डाणांत अनेकदा कोसळते. कोसळलेल्या विमानाचे अवशेष हा अपघाताच्या कारणाचा मुख्य पुरावा असतो. परंतु दुरुस्ती करताना हाच पुरावा पुसला जातो. म्हणून आधी निदान, मग नोंद आणि शेवटी दुरुस्ती हा क्रम या छंदात महत्त्वाचा मानला जातो. हा क्रम पाळला गेला किंवा न गेला, याचे परिणाम विमानविद्येच्या इतिहासातही दिसून येतात.

इतिहास : माणूस वाहून नेणाऱ्या विमानाच्या कितीतरी आधी नमुना विमाने उडाली. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज केली (१७७३–१८५७) यांनी १८०४ मध्ये सुमारे दीड मी. लांबीचे नमुना ग्लायडर तयार केले. फ्रान्समध्ये आल्फाँस पेनो (१८५०–८०) यांनी १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिस येथील त्वीलरी उद्यानात पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मी. अंतर उडवून दाखविले. शेपटीचा आडवा पृष्ठभाग पंखाच्या तुलनेत किंचित ऋण कोनात बसविल्यास विमान आपला तोल आपणच सावरते, हे त्यांनी दाखवून दिले. आजचे घरगुती नमुना विमानही याच तत्त्वावर स्थिर राहते.

अपघात आणि दुरुस्ती यांची तपशीलवार नोंद सॅम्युएल पिअरपाँट लँग्ली (१८३४–१९०६) या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत आढळते. ते स्मिथसोनियन इन्स्टिट्यूशनचे सचिव होते. वाफेच्या एंजिनावर चालणारी त्यांची नमुना विमाने पोटोमॅक नदीतील एका तरत्या घरावरून सोडली जात. आरंभीची विमाने दुबळ्या सांगाड्यामुळे किंवा अपुऱ्या शक्तीमुळे उडू शकली नाहीत. चौथ्या विमानात इतक्या दुरुस्त्या झाल्या, की मूळचा भाग फारच थोडा उरला आणि त्याला सहावे विमान असा नवा क्रमांक द्यावा लागला. ६ मे १८९६ रोजी या सहाव्या विमानाची आधारतार सोडयंत्रात अडकून त्याचा डावा पंख मोडला. त्याच दिवशी पाचव्या विमानाने मात्र सुमारे १,००० मी. व ७०० मी. अशी दोन उड्डाणे केली. दुरुस्त झालेले सहावे विमान २८ नोव्हेंबर १८९६ रोजी सुमारे १,४६० मी. उडाले. पंख मोडला तो सोडयंत्रातील दोषामुळे, विमानाच्या रचनेतील दोषामुळे नव्हे, हे ओळखता आले म्हणून ही दुरुस्ती उपयोगी ठरली.

लँग्ली यांचे माणूस वाहून नेणारे मोठे विमान ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ या दोन्ही दिवशी नदीत कोसळले. १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस यांनी त्याची दुरुस्ती करून ते थोडा वेळ उडविले. परंतु दुरुस्तीत अनेक फेरफार झालेले होते. या उड्डाणाच्या आधारे स्मिथसोनियनने लँग्ली यांचे विमान हे उड्डाणक्षम असे पहिले विमान ठरविले आणि राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल यांनी त्यास तीव्र हरकत घेतली. १९२८ मध्ये त्यांनी आपले १९०३ चे विमान लंडन येथील संग्रहालयात पाठविले. १९४२ मध्ये स्मिथसोनियनने कर्टिस यांनी केलेले फेरफार जाहीर करून आपली भूमिका मागे घेतली आणि १९४८ मध्ये ते विमान अमेरिकेस परतले. दुरुस्तीमुळे पुरावा कसा बदलतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

मुंबईतील शिवकर बापूजी तळपदे यांच्या विमानाची कथा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. त्यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर चालकरहित विमान उडविले, ते सुमारे १,५०० फुटांपर्यंत चढून खाली कोसळले, असे सांगितले जाते. या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा मिळालेला नाही. विमानाचे अवशेष, मोजमापे वा आराखडे उपलब्ध नसल्याने ते कोणत्या शक्तीवर चालले आणि कोणत्या कारणाने कोसळले, हे तपासता येत नाही. तळपदे यांच्या कथेशी ज्याचे नाव जोडले जाते त्या वैमानिक शास्त्र या ग्रंथाचा अभ्यास बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील विमाने उडण्यास अक्षम असून ग्रंथही अर्वाचीन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लँग्ली यांच्या प्रयोगांतील अपयशाचीही नोंद राहिली; चौपाटीवरील उड्डाणाची तशी नोंद राहिली नाही. त्यामुळे तळपदे यांच्या प्रयत्नाचे योग्य मोल ठरविण्याचा मार्गच बंद झाला.

रेडिओ-नियंत्रण : निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओ-नियंत्रित होडीचे प्रात्यक्षिक केले. हौशी विमानांत ही पद्धत १९३० नंतरच्या दशकात आली. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांचे सुमारे २.४ मी. पंखविस्ताराचे ‘गफ’ हे विमान १९३७ मध्ये रेडिओ-नियंत्रणाखाली उडाले. निर्वात नळ्या व जड बॅटऱ्या यांमुळे त्या काळची विमाने बोजड असत. पुढे ट्रँझिस्टरमुळे ग्राही हलका झाला आणि १९६० नंतरच्या दशकात चालकाच्या बोटाच्या हालचालीच्या प्रमाणात नियंत्रण-पृष्ठभाग हलविणारी पद्धत रूढ झाली. लिथियम-पॉलिमर बॅटरी व ब्रशविरहित विद्युत् चलित्र यांच्या प्रसारानंतर कमी खर्चात घरी विमान बांधणे शक्य झाले. भारतात या छंदाचा प्रसार होण्यास राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेतील नमुना विमानांच्या शिक्षणाचा हातभार लागला.

अपघाताचे निदान : विमान पडताच प्रथम बॅटरी सोडवितात. त्यानंतर सर्व तुकडे, लहान खिळ्यांसह, गोळा करतात व मोडलेल्या जागा जशाच्या तशा ठेवून त्यांची छायाचित्रे घेतात. विमान कसे पडले, हे पाहणाऱ्यांकडून लगेच विचारून घेणे हितावह ठरते. अपघातांची कारणे सामान्यपणे पुढील चार प्रकारांत मोडतात :

(१) तोल : विमानाचा गुरुत्वमध्य बहुधा पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्के अंतरावर असावा लागतो. तो मागे सरकल्यास विमान नाक वर उचलते व नियंत्रणास अतिसंवेदनशील होते. पुढे सरकल्यास ते नाक खाली घालते व जमिनीवरून उचलण्यास जड जाते.

(२) वेग : वेग फार कमी झाल्यास अथवा नाक जास्त वर उचलल्यास पंखावरील हवेचा प्रवाह सुटतो व उचल एकदम घटते, यास स्टॉल म्हणतात. एक पंख आधी गळाला असेल, तर त्या पंखाचे टोक वाकलेले किंवा पिळलेले आहे का, हे पाहावे लागते.

(३) नियंत्रण : दुरुस्तीनंतर किंवा नव्या जोडणीत सर्व्होची दिशा उलटी होण्याची चूक वारंवार आढळते. सर्व्होचे दाते तुटणे, जोडतारेचा आकडा सुटणे आणि बिजागरी निखळणे ही इतर कारणे होत. मात्र सर्व्होचे दाते जमिनीवर आदळण्यानेही तुटतात. म्हणून हा दोष अपघातापूर्वीचा की नंतरचा, हे ठरविल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

(४) विद्युत् व रेडिओ : जुन्या २७ मेगॅहर्ट्‌झच्या संचांत दोघांची कंप्रता एकच असल्यास दुसऱ्याचा संदेश आपल्या विमानास मिळे. २.४ गिगॅहर्ट्‌झच्या संचांत हा धोका पुष्कळ कमी झाला. तथापि, सर्व्हो अडकून बॅटरीचा दाब घसरल्यास ग्राही क्षणभर बंद पडतो. लिथियम-पॉलिमर घटाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देत नाहीत. फुगलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये, कारण तिला आग लागू शकते.

दुरुस्ती : बाल्सा लाकडाची स्वच्छ फट चिकटवून भरता येते. पंखाच्या मुख्य वाशाचा जोड मात्र सरळ न ठेवता तिरकस, साधारणतः जाडीच्या आठ ते दहा पट लांबीचा घेतात आणि दोन्ही बाजूंस पातळ पट्ट्या लावतात. ग्रामीण भागात बाल्सा सहज मिळत नाही. तेथे बांबूच्या कामट्या चांगल्या उपयोगी पडतात. सावर किंवा पांगारा यांचे लाकूडही हलके असते, तरी ते बाल्सापेक्षा जड असल्याने जोडाच्या ठिकाणीच वापरावे. थर्मोकोलवर सायनोअक्रिलेट जातीचा साधा झटपट डिंक लावल्यास तो थर्मोकोल वितळवितो; त्यासाठी पांढरा डिंक किंवा फोमसाठीचा डिंक वापरतात. दुरुस्तीत शेपटीवर वाढलेले वजन विशेष त्रासदायक असते. शेपटी गुरुत्वमध्यापासून नाकापेक्षा तिप्पट दूर असेल, तर शेपटीवर १० ग्रॅ. वाढले की तोल राखण्यासाठी नाकावर ३० ग्रॅ. घालावे लागतात आणि तेवढ्याने विमानाचा किमान वेगही वाढतो. म्हणून दुरुस्त विमान नव्याने तोलावे, सर्व पृष्ठभाग योग्य दिशेने हलतात याची खात्री करावी आणि प्रेषकाची पल्लाचाचणी घेतल्यावरच उड्डाण करावे.

शहापूर व मुरबाड : ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हे दोन तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावरही ठाण्यातच राहिले. पावसाळ्यात भात लावलेली खाचरे मोकळी नसतात व हवा दमट असल्याने लाकूड आणि कागदी आवरण पिळते. भातकापणीनंतर खाचरे मोकळी होतात, परंतु उंच बांध व राहिलेले धसकट यांत अडकून उतरणाऱ्या विमानाची चाके तुटतात. वरकस जमिनीवरील गवतात पडलेले तुकडे हरवतात. दुपारी तापलेल्या उघड्या जमिनीवरून वर जाणारे हवेचे झोत हलक्या विमानास अचानक उचलतात. सह्याद्रीच्या कड्याजवळ वारा उलटसुलट होतो. माहुली किल्ला, माळशेज घाट यांच्या लगतच्या भागात चालकाने हे लक्षात घ्यावे लागते. सकाळची शांत हवा नवशिक्यास सर्वांत सोयीची असते. सुटे भाग मुंबईहून आणावे लागतात. शहापूरकरांना आसनगावहून लोकलने, तर मुरबाडकरांना आधी रस्त्याने कल्याणला जाऊन मुंबई गाठावी लागते. एका सर्व्होसाठी पूर्ण दिवस खर्च होत असल्याने प्रत्येक मोडतोडीची नेमकी नोंद ठेवण्याचे मोल येथे शहरापेक्षा अधिक आहे.

कायदा व सुरक्षितता : भारतात २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन व करमणूक यांसाठी दृष्टिपथात राहून उडविल्या जाणाऱ्या, २५ किग्रॅ.पर्यंत वजनाच्या नमुना प्रणालींचा स्वतंत्र विचार केलेला आहे. उड्डाणापूर्वी त्या जागेस हवाई क्षेत्राच्या नकाशावर मनाई आहे का, हे तपासावे लागते. शेतमालकाची परवानगी घेणे आणि वस्ती, विजेच्या तारा व गुरे यांपासून दूर राहणे हेही आवश्यक आहे. कारण न शोधता दुरुस्त केलेले विमान त्याच कारणाने पुन्हा कोसळू शकते. दुसऱ्या वेळी त्याखाली एखादे मूल किंवा शेतात राबणारा माणूस असू शकतो.