खोकताना, हसताना नकळत लघवी : दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केव्हा?

खोकला, शिंक किंवा मनमोकळे हसू आले की नकळत थोडी लघवी होणे, ही तक्रार स्त्रियांमध्ये सर्रास आढळते. पण ती बोलून दाखवणाऱ्या थोड्याच. कपडे ओले होतील या धास्तीने अनेक जणी पाणी कमी पितात, लांबचा प्रवास टाळतात, समारंभाला जाणे बंद करतात. ‘बाळंतपणे झाली, वय झाले, आता असे व्हायचेच’ अशी मनाची समजूत घालून वर्षानुवर्षे हा त्रास सोसला जातो. वास्तविक तो उपचारांनी बहुतांशी आटोक्यात येऊ शकतो. मात्र कोणता उपचार, कोणासाठी आणि केव्हा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

वैद्यकीय परिभाषेत या विकाराला ‘स्ट्रेस युरिनरी इन्कॉन्टिनन्स’ म्हणतात. येथे ‘स्ट्रेस’ या शब्दाचा मानसिक ताणाशी संबंध नाही. पोटातील दाब अचानक वाढल्याने मूत्राशयावर येणारा ताण, असा त्याचा अर्थ आहे.

कारणे

मूत्राशयाची मान आणि मूत्रमार्ग यांना ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा आधार असतो. पोटातील दाब वाढला की या आधारावर मूत्रमार्ग दाबला जाऊन बंद राहतो. योनीमार्गे झालेल्या प्रसूतीत हे स्नायू व त्यांच्या नसा ताणल्या जातात आणि आधार सैल पडतो. रजोनिवृत्तीनंतरचे बदल, स्थूलता, जुनाट खोकला, कायमचा मलावरोध आणि वारंवार जड ओझी उचलणे यांनी त्यात भर पडते.

अचूक निदान महत्त्वाचे

लघवीची अनावर घाई होऊन स्वच्छतागृहात पोहोचण्याआधीच ती होणे, हा वेगळा विकार आहे. त्यात मूत्राशयाचे स्नायू अवेळी आकुंचन पावतात आणि त्यावर प्रामुख्याने सवयींतील बदल व औषधे उपयोगी पडतात. आधार देणाऱ्या शस्त्रक्रियेने ही घाई बरी होत नाही, काही वेळा वाढते. कित्येक स्त्रियांमध्ये दोन्ही प्रकार एकत्र असतात. म्हणूनच लघवीची तपासणी, मूत्राशय भरलेले असताना खोकायला सांगून केलेली तपासणी, तीन दिवसांची लघवीची नोंदवही आणि गरजेनुसार मूत्राशयातील दाब मोजणारी ‘युरोडायनॅमिक’ चाचणी यांना महत्त्व आहे.

प्रथम व्यायाम

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम प्रसिद्ध केले. वायू रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, ते काही सेकंद आवळून सैल सोडायचे. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठदा, असा व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली किमान तीन महिने करावा. श्वास रोखणे किंवा पोट आवळणे टाळावे. वजन घटवणे, खोकल्यावर व मलावरोधावर उपचार घेणे यांचाही लाभ होतो. पुष्कळ स्त्रियांना एवढ्यानेच पुरेसा आराम पडतो.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया

व्यायामाने गुण आला नाही आणि त्रास दैनंदिन जीवनात अडथळा ठरू लागला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकी शल्यचिकित्सक डॉ. जॉन बर्च यांनी १९६१ मध्ये मांडलेली पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पूर्वी त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. १९९१ मध्ये ती दुर्बिणीतून केल्याचे प्रथम प्रसिद्ध झाले.

या शस्त्रक्रियेत रुग्णाला पूर्ण भूल देतात. पोटावरील तीन-चार लहान छिद्रांतून दुर्बीण व उपकरणे आत घालतात. कार्बन डायऑक्साइड वायूने जागा फुगवून जघनास्थीच्या मागील भाग मोकळा केला जातो. मूत्राशयाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना योनीच्या भिंतीलगतच्या ऊतींमध्ये टाके घेऊन ते जघनास्थीवरील बळकट अस्थिबंधनाला बांधतात. त्यामुळे सैल पडलेल्या भागाला झोळीसारखा आधार मिळतो. मूत्राशयाला इजा झाली नाही ना, हे शेवटी सिस्टोस्कोपीने पाहता येते.

मोठ्या छेदाच्या तुलनेत वेदना कमी होतात, रुग्णालयातील मुक्काम घटतो आणि पूर्ववत कामाला लवकर लागता येते. मात्र शस्त्रक्रियेला वेळ अधिक लागतो आणि आतील टाके घेण्यासाठी अनुभवी हात लागतात. सुमारे सहा आठवडे जड वस्तू उचलू नयेत.

धोके कोणते?

रक्तस्राव, मूत्राशयाला इजा, मूत्रसंसर्ग, काही दिवस लघवी पूर्ण न होणे व त्यासाठी कॅथेटर ठेवावा लागणे, नव्याने घाईची तक्रार सुरू होणे आणि पुढे योनीची मागील भिंत खाली उतरणे, हे या शस्त्रक्रियेचे ज्ञात धोके आहेत. काही स्त्रियांमध्ये कालांतराने त्रास पुन्हा उद्भवतो. पुढील बाळंतपणाने मिळालेला लाभ कमी होऊ शकतो, म्हणून अपत्यांचा विचार पूर्ण झाल्यावरच शस्त्रक्रिया करणे सहसा श्रेयस्कर ठरते.

जाळीची पट्टी

मूत्रमार्गाखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसवण्याची सोपी पद्धत स्वीडनचे डॉ. उल्फ उल्मस्टेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. ती झपाट्याने रूढ झाली आणि बर्च पद्धत मागे पडली. पट्टीचा अनेकींना लाभ झाला. परंतु काही स्त्रियांना जाळी योनीत उघडी पडणे, दीर्घकाळ वेदना होणे अशा तक्रारींना तोंड द्यावे लागले. बसवलेली जाळी पूर्णपणे काढणे अवघड असते. स्त्रियांनी संघटितपणे आवाज उठवल्यानंतर इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये तिच्या वापराला स्थगिती देण्यात आली. परिणामी जाळीविना होणाऱ्या बर्च पद्धतीकडे आणि रुग्णाच्याच शरीरातील ऊतींची पट्टी वापरण्याच्या पद्धतीकडे पुन्हा लक्ष गेले.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्रास नेमका कोणत्या प्रकारचा आहे, जाळी वापरली जाणार आहे का, डॉक्टरांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत आणि लाभ न झाल्यास पुढे काय, हे चार प्रश्न रुग्णाने अवश्य विचारावेत. शस्त्रक्रिया तातडीची नसल्याने निर्णयासाठी पुरेसा वेळ घेता येतो. मात्र लघवीतून रक्त जात असेल, जळजळ होत असेल किंवा लघवी अडत असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.