अदृश्याला दृश्य करताना : ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील बाल-अद्भुतकादंबऱ्यांची रूपांतरे (१९६७–२०२२)

प्रस्तावना

डिसेंबर १९५९ मध्ये सी. एस. लुईस यांनी बीबीसी नभोवाणीशी संबंधित असलेले रूपांतरकार लान्स सिव्हकिंग यांना एक पत्र लिहिले. नार्नियामालेतील ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या कादंबरीचे सिव्हकिंग यांनी नभोनाट्य केले होते आणि ते लुईस यांना रुचले होते. दूरचित्रवाणीचा विषय निघताच मात्र त्यांनी आपला पूर्ण विरोध कळविला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : माणसाप्रमाणे बोलणारे-वागणारे प्राणी जोवर निवेदनात असतात तोवर ठीक, पण त्यांना तेथून उचलून प्रत्यक्ष डोळ्यांपुढे उभे केले की त्यांचा एक तर पोरखेळ होतो, नाही तर ते भीतिस्वप्न ठरतात. चित्रांच्या माध्यमातून, म्हणजे कार्टून-चित्रपटाच्या रूपाने, हे साधण्याची शक्यता त्यांनी मोकळी ठेवली होती. परंतु अस्लान या सिंहाचे सोंग एखाद्या माणसाने घ्यावे, ही कल्पना त्यांना ईश्वरनिंदेसमान वाटत होती.

रूपांतरांची चर्चा सामान्यतः ‘मूळ कलाकृतीशी इमान’ या एकाच मापाने केली जाते. कोणता प्रसंग गाळला, कोणते पात्र बदलले, याची यादी केली की समीक्षा संपली, असा समज आपल्या वर्गांतूनही आढळतो. लुईस यांचा आक्षेप या मापात बसत नाही. एकही शब्द न बदलता केलेले रूपांतरसुद्धा केवळ दृश्य असल्यामुळे फसू शकते, असे ते सांगतात. या आक्षेपाला प्रश्न मानून काही ब्रिटिश मालिकांची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाच्या मते दूरचित्रवाणीचे बळ तिच्या हाती असलेल्या वेळेत आहे. तिची दुर्बलता मात्र, समजले जाते तशी, केवळ यंत्रसामग्रीच्या दारिद्र्यात नाही.

नष्ट झालेला पुरावा

लुईस यांचे निधन १९६३ मध्ये झाले आणि चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, आयटीव्ही जाळ्यातील एबीसी कंपनीने ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ची दहा भागांची मालिका सादर केली. पटकथा ट्रेव्हर प्रेस्टन यांची होती. आज या दहांपैकी दोनच भाग उपलब्ध आहेत. त्या काळी चित्रफिती महाग असत. प्रक्षेपण झाले की त्या पुसून पुन्हा वापरणे हा ब्रिटनमधील सर्वसाधारण व्यवहार होता. मुलांच्या कार्यक्रमांना जतन करण्याजोगे मूल्य आहे, हा विचारच फारसा रुजलेला नव्हता. त्यामुळे लुईस यांच्या आक्षेपाची पहिली कसोटी कशी लागली, हे इतिहासकाराला पूर्णपणे तपासता येत नाही. पुस्तक एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात तग धरते. दूरचित्रवाणीचा बालकार्यक्रम त्या पिढीच्या आठवणीतच काय तो उरतो, आणि आठवणीतील सिंह नेहमीच पडद्यावरच्या सिंहापेक्षा भव्य असतो. या क्षेत्रातील लेखनावर स्मरणरंजनाची जी छाया दिसते, तिचे एक कारण हे आहे.

न दाखविण्याची युक्ती : ‘द आउल सर्व्हिस’

यानंतर लवकरच एक वेगळी वाट दिसते. अ‍ॅलन गार्नर यांच्या ‘द आउल सर्व्हिस’ (१९६७) या कादंबरीला कार्नेगी पदक मिळाले होते. वेल्समधील एका खोऱ्यातील घरात फुलांची नक्षी असलेला जुन्या ताटांचा संच सापडतो. ती फुले विशिष्ट तऱ्हेने पाहिली तर घुबडे होतात. आणि फुलांपासून घडविलेल्या ब्लोडायवेथ या स्त्रीची प्राचीन वेल्श कथा अ‍ॅलिसन, ग्विन व रॉजर या तीन तरुण मुलांच्या आयुष्यात पुन्हा घडू लागते. ग्रॅनडा कंपनीने पीटर प्लमर यांच्या दिग्दर्शनाखाली तिची आठ भागांची मालिका केली. २१ डिसेंबर १९६९ ते ८ फेब्रुवारी १९७० या काळात ती प्रक्षेपित झाली. पटकथा स्वतः गार्नर यांनी लिहिली.

येथे अद्भुताला शरीरच नाही. राक्षस नाही, बोलका प्राणी नाही. आहे तो ओरखड्यांचा आवाज, कागदाची घुबडे आणि माणसांच्या वागण्यातील वाढता ताण. तीन मुख्य पात्रांना लाल, काळा व हिरवा असे वेश दिलेले आहेत. विजेच्या तारांचे त्या वेळचे ब्रिटिश रंग तेच होते, म्हणजे या तिघांमधून काहीतरी वाहते आहे ही सूचना रंगांतून मिळते. कादंबरीही मुळात संवादांवर चालणारी आहे. तिच्यात निवेदक अतिशय कमी बोलतो. म्हणून रूपांतरात गमावण्यासारखे थोडेच होते. लुईस यांच्या आक्षेपाला हे उत्तर नव्हे, ती त्याला दिलेली बगल आहे. पण अत्यंत हुशारीने दिलेली. तिची किंमतही होती. वर्गभेद, वेल्श-इंग्रज वैर आणि वयात येणाऱ्या मुलांमधील लैंगिक अस्वस्थता यांनी भारलेली ही मालिका बालप्रेक्षकांना कितपत पेलली असेल, ही शंका राहतेच. शिवाय अ‍ॅलिसनच्या भूमिकेतील जिलियन हिल्स पंचविशीच्या होत्या, आणि ते दिसते.

प्रतीक्षेचे बळ : ‘द बॉक्स ऑफ डिलाइट्स’

दूरचित्रवाणीचे खास सामर्थ्य पाहावयाचे तर १९८४ कडे वळले पाहिजे. राजकवी जॉन मेसफील्ड यांची ‘द बॉक्स ऑफ डिलाइट्स’ ही कादंबरी १९३५ ची. के हार्कर हा मुलगा नाताळच्या सुटीसाठी घरी येत असताना त्याला एक म्हातारा बाहुल्यांचा खेळिया भेटतो व एक जादूची पेटी त्याच्या स्वाधीन करतो. ती बळकाविण्यासाठी अ‍ॅबनर ब्राउन आपल्या टोळीसह धर्मगुरूंचे अपहरण करू लागतो आणि कॅथीड्रलमधील नाताळची हजारावी प्रार्थना होते की नाही, असा पेच उभा राहतो.

बीबीसीने निर्माते पॉल स्टोन, पटकथाकार अ‍ॅलन सेमूर व दिग्दर्शक रेनी राय यांच्याकरवी तिचे सहा भाग केले. पहिला भाग २१ नोव्हेंबरला आणि शेवटचा बरोबर २४ डिसेंबरला प्रक्षेपित झाला. कथेतील नाताळची पूर्वसंध्या आणि प्रेक्षकाच्या घरातील नाताळची पूर्वसंध्या एकच झाली. हा योगायोग नव्हे, ही रचना आहे. कादंबरी वाचणारा मूल पाने उलटून पुढे पळू शकतो, चित्रपट दोन तासांत संपतो. साप्ताहिक मालिका मात्र प्रेक्षकाला कथेच्याच दिनदर्शिकेत राहावयास लावते. नवरात्रातील कीर्तनमालेत आख्यान उद्यावर सोडून उठणाऱ्या बुवांना हे तंत्र कुणी शिकवावे लागले नव्हते!

या मालिकेतील ट्रिकदृश्ये आज पाहता उघडच कृत्रिम वाटतात. रंगविलेली पार्श्वभूमी, तिच्यावर चिकटविल्यासारखी माणसे, मध्येच अवतरणारे रेखाटलेले प्राणी. तरीही ती सलत नाहीत. मेसफील्ड यांनी कथेच्या अखेरीस सारे स्वप्न होते असे सूचित केले आहे; स्वप्नाला असे शिवणीचे टाके शोभतात. पॅट्रिक ट्राउटन यांनी साकारलेला वृद्ध खेळिया स्वतःच बाहुल्या नाचवून पोट भरणारा आहे. जादू हा एक खेळ आहे हे कथेनेच मान्य केले असल्यामुळे पडद्यावरील खेळाकडे प्रेक्षक संशयाने पाहत नाही.

नार्निया, १९८८–१९९०

त्याच स्टोन व सेमूर यांनी पुढे नार्निया हाती घेतले, आणि येथे लुईस यांचा आक्षेप समोरासमोर आला. १९८८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मॅरिलिन फॉक्स यांच्या दिग्दर्शनाखाली ‘द लायन’चे सहा भाग झाले. १९८९ मध्ये ‘प्रिन्स कॅस्पियन’चे दोन व ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’चे चार, तर १९९० मध्ये ‘द सिल्व्हर चेअर’चे सहा भाग अ‍ॅलेक्स कर्बी यांनी दिग्दर्शित केले.

इमानाच्या मापाने ‘द लायन’ला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. संवाद बहुतांशी कादंबरीतलेच आहेत, प्रसंगांचा क्रम तोच आहे, घाई नाही. आणि तरीही बीव्हर पतिपत्नी पडद्यावर येतात तेव्हा लुईस यांचे शब्द खरे ठरतात. ती केसाळ पोशाखातील पूर्ण उंचीची माणसे आहेत. आपल्याकडे ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगवली, दशावतारात मुखवट्याचा गणपती येतो, आणि बालप्रेक्षक व गावकरी ते निमूट स्वीकारतात, कारण रंगमंच सुरुवातीलाच एक करार करतो. कॅमेरा असा करार करीत नाही. खऱ्या बर्फावर खरी मुले चालताना दाखवून त्यांच्याच शेजारी तो पोशाखातला बीव्हर उभा करतो, आणि दोन्ही सारखेच खरे माना असे सांगतो. बार्बारा केलरमन यांच्या पांढऱ्या चेटकिणीचा आरडाओरडाही रंगमंचावर शोभला असता. क्लोज-अपमध्ये तो भीतीपेक्षा थकवा आणतो.

अस्लान हे आत शिरलेल्या माणसांनी हलविलेले मोठे यांत्रिक बाहुले होते आणि आवाज रोनाल्ड पिकप यांचा होता. चालताना तो अवघडतो, बोलताना त्याचा जबडा शब्दांशी जेमतेम जुळतो. मात्र दगडी चौथऱ्यावर बांधून ठेवलेला निश्चल अस्लान परिणामकारक आहे. बाहुले जेथे हलत नाही तेथे ते सिंह होते, हे विचार करण्याजोगे आहे.

परंतु खरा तोटा यापेक्षा खोल आहे. कादंबरीत अस्लान प्रथम येतो तो केवळ नाव म्हणून. बीव्हर ते नाव उच्चारतो आणि चारही मुलांच्या मनात चार वेगळ्या भावना उमटतात, असे निवेदक सांगतो. सिंह दिसण्याच्या कितीतरी आधी वाचकाने आपला सिंह घडविलेला असतो. मालिकेत या ठिकाणी चार बालनटांचे चेहरे आहेत, आणि त्यांनी तरी काय करावे? कपाटात शिरताना दार लावून घेणे हा मूर्खपणा आहे, असे मुलांना पुनःपुन्हा बजावणारा तो मिस्कील, काळजीवाहू निवेदक तर पूर्णच नाहीसा झाला आहे. माझ्या मते नार्नियाचे खरे मुख्य पात्र हा आवाज आहे. मालिकेने कथेतील प्रत्येक गोष्ट दाखविली आणि सांगणाऱ्यालाच गाळले.

कॅस्पियनची कथा दोन भागांत कोंबल्यामुळे ती सारांशासारखी वाटते. ‘डॉन ट्रेडर’ बेटाबेटांनी पुढे सरकणारी कथा असल्याने तिला भागांची रचना मानवली. सर्वांत सरस ठरली ती ‘द सिल्व्हर चेअर’, आणि त्याचे श्रेय बव्हंशी टॉम बेकर यांच्या पडलग्लमला आहे. हा दलदलीत राहणारा निराशावादी प्राणी जवळजवळ माणूसच आहे. त्याला मुखवटा लागत नाही, नट लागतो. बेकर यांनी त्याला जी रडवेली प्रतिष्ठा दिली, तिच्यात निवेदकाचा हरवलेला मिस्कीलपणाही काही अंशी परत आला.

पैसा आल्यानंतर

संगणकीय चित्रणाने हा प्रश्न मिटला, असे म्हणता येईल काय? फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटीरियल्स’ या त्रयीवरील (१९९५–२०००) बीबीसी व एचबीओ यांची मालिका २०१९ ते २०२२ या काळात तीन पर्वांत, एकूण तेवीस भागांत आली. पटकथेची धुरा प्रामुख्याने जॅक थॉर्न यांच्याकडे होती. २००७ च्या ‘द गोल्डन कंपास’ या चित्रपटाने पहिल्या कादंबरीचा शोकांत शेवटच टाळला होता व धर्मसंस्थेवरील टीकाही बोथट केली होती. मालिकेने रॉजरचा मृत्यू दाखविला, आणि तिसऱ्या पर्वात कथा तिच्या कडू शेवटापर्यंत नेली. वेळ हाती असण्याचा हा लाभ निर्विवाद आहे.

या कथेतील प्रत्येक माणसाचा आत्मा ‘डीमन’ या प्राण्याच्या रूपाने त्याच्या देहाबाहेर वावरतो. लायराचा पँटालाइमन पडद्यावर उत्तम उतरला आहे. तो हास्यास्पदही नाही व भयानकही नाही. लुईस यांचा १९५९ चा आक्षेप येथे यंत्राने निकालात काढला, असे वाटते. परंतु असा प्रत्येक प्राणी चित्रित करणे खर्चिक असते. परिणामी गर्दीच्या दृश्यांत, आणि कित्येकदा मुख्य पात्रांजवळही, डीमन दिसतच नाहीत. पहिल्या पर्वावर ही टीका झाली. ही उणीव किरकोळ नाही. कादंबरीतील सर्वांत भीषण प्रसंग डीमनपासून तोडलेल्या मुलाचा आहे : टोनी माकारिओस हा पोर डीमनच्या जागी सुकलेला मासा उराशी धरून बसलेला असतो. मालिकेत त्याच्या जागी बिली कोस्टा आहे. पण ज्या जगात माणसे डीमनाविना हिंडताना आपण तासन्‌तास पाहिली, तेथे डीमन नसलेला मुलगा पाहून अंगावर काटा का यावा? पुलमन यांना ‘प्रत्येकाजवळ एक’ हे एका वाक्यात प्रस्थापित करता आले. पडद्याला ते प्रत्येक चौकटीत पुन्हा सिद्ध करावे लागते.

वेळेचे बळही येथे एके ठिकाणी उलटले आहे. दुसऱ्या कादंबरीच्या प्रारंभी विल हा आपल्या जगातला मुलगा अकस्मात समोर येतो आणि वाचक दचकतो. मालिकेने त्याला पहिल्याच पर्वात आणले. पुढील कथानकाची मशागत झाली. दचकणे मात्र गेले.

बीबीसीचे नार्निया १९९० मध्ये चार कादंबऱ्यांवर थांबले. उरलेल्या तिघींपैकी ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मध्ये बोलता घोडा जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहे, ‘द लास्ट बॅटल’ला तर १९५६ चे कार्नेगी पदक मिळालेले आहे. या दोन्ही कथा आजवर दूरचित्रवाणीवर आलेल्या नाहीत. बीबीसीच्या नभोवाणीवर मात्र सातही कादंबऱ्यांची रूपांतरे झाली, आणि तेथे सिंहाला फक्त आवाज लागला.