तारापूर : वीज, इंधन आणि दिलेला शब्द

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये आमच्या घरांना ज्या ग्रीडची वीज मिळते, तिच्यात तारापूर अणुवीज केंद्राचाही वाटा आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तारापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. वीज देऊन अण्वस्त्रांना आळा घालता येतो का, याची कसोटी या केंद्राने साठ वर्षे पाहिली आहे.

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत-अमेरिका करार झाला. अमेरिकेने अणुभट्ट्या आणि तीस वर्षे समृद्ध युरेनियम द्यायचे. भारताने ते फक्त विजेसाठी वापरायचे आणि तपासणी मान्य करायची. जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाल्या. देशातली ही पहिली अणुवीज. पुढे बाहेरून आलेले युरेनियम हैदराबादला जाऊ लागले. तिथे त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या होत, त्या धातूच्या नळ्यांत भरल्या जात आणि नळ्यांचे जुडगे तारापूरला येत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक या इंधनाचा हिशेब ताडून पाहत.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला अणुस्फोट केला. त्यातले प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतले होते, तारापूरचे नव्हे. तरी भुर्दंड तारापूरला बसला. १९७८ च्या अमेरिकी कायद्याने अट घातली : देशातली सगळी अणुकेंद्रे तपासणीखाली आणा, तरच इंधन. भारताने ती मानली नाही. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठवायचे ठरवले, तेव्हा सिनेटमध्ये तो निर्णय ४८ विरुद्ध ४६ मतांनी जेमतेम तरला. १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रेगन यांनी तोड काढली : इंधन फ्रान्स देईल, तपासणी चालू राहील. १९९३ मध्ये करार संपल्यावर इंधनासाठी आधी चीन, मग रशिया यांच्याकडे जावे लागले. मुदत संपूनही भारताने तारापूरची तपासणी सुरू ठेवली.

इंधन अडवून साधले काय? अण्वस्त्रे थांबली नाहीत. १९९८ ला पोखरणला पुन्हा स्फोट झाले. उलट सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला इंधन घेण्याची सवलत दिली; तिच्या बदल्यात २२ पैकी १४ भट्ट्या तपासणीखाली आणण्याचे भारताने मान्य केले होते.  आठ भट्ट्या बाहेर राहिल्या, लष्करी कार्यक्रमही चालू राहिला, हे नाकारता येत नाही. तरीही तीस वर्षांच्या अडवणुकीला जे जमले नाही, ते इंधनाच्या हमीने बऱ्याच अंशी जमले.

उद्या कोणत्याही देशाला वीज देऊन अण्वस्त्रांपासून दूर ठेवायचे असेल, तर तपासणी कडक हवीच. पण पुरवठ्याचा शब्दही तितकाच पक्का हवा. तारापूरने आपला शब्द पाळला. पुरवठादारांनीही तो पाळला असता, तर तपासणीवरचा विश्वास कितीतरी आधी रुजला असता.