हात हवेत, माणसे नकोत

देशात कोणाला येऊ द्यायचे, हे कसे ठरते? अमेरिकेचा १८६० नंतरचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर दोन गोष्टी कायद्याला आलटून पालटून ओढताना दिसतात: मजुरांची गरज आणि वंशाविषयीचे पूर्वग्रह.

कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून न्यायचा होता. सेंट्रल पॅसिफिक कंपनीने हजारो चिनी मजूर आणले. सुरुंग लावून बोगदे खोदण्याचे काम त्यांनी गोऱ्या मजुरांपेक्षा कमी मोबदल्यात केले. १८६९ मध्ये मार्ग पुरा झाला. १८७३ च्या मंदीनंतर बेकारी वाढली आणि सगळा राग याच लोकांवर निघाला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली. व्यापारी आणि विद्यार्थी मात्र येऊ शकत होते.

पुढे पूर्वग्रहाला विज्ञानाचा आधार शोधला गेला. सुप्रजननवादी हॅरी लॉफलिन यांनी संसदेच्या समितीपुढे दक्षिण आणि पूर्व युरोपातील लोकांना आनुवंशिकदृष्ट्या हलके ठरवले. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाला कोटा दिला: त्या देशात जन्मलेले जेवढे लोक १८९० च्या जनगणनेत होते, त्यांच्या २ टक्के. १९२० ची जनगणना हाताशी असताना १८९० चीच का? कारण इटली, पोलंड, रशियातून मोठ्या संख्येने लोक आले ते १८९० नंतर! मेक्सिकोला मात्र कोटाच नव्हता. नैर्ऋत्येकडच्या शेतमालकांना तेथले मजूर हवे होते. त्याच वर्षी सीमेवर गस्तीचे दलही उभे राहिले.

विज्ञान गैरसोयीचे झाले तर काय होते, हे भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात दिसते. पंजाबातून आलेले थिंद १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात होते. परदेशात जन्मलेल्यांपैकी नागरिकत्व मिळे ते फक्त गोऱ्यांना आणि १८७० पासून आफ्रिकी वंशाच्यांना. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना नकार देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोरा म्हणजे कॉकेशियन. तेव्हाचे अनेक मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत. थिंद यांच्या बाजूने हेच मांडले गेले. तीनच महिन्यांनी न्यायालय म्हणाले, की शास्त्रज्ञांचे वर्गीकरण नव्हे, सामान्य माणसाची समजूत प्रमाण. दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलंड यांचेच. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. थिंद यांना ते पुन्हा मिळाले १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने. माणसांची ती वांशिक वर्गवारी आज विज्ञान मानत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या महायुद्धात शेतांवर माणसे कमी पडली. १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार होऊन हंगामी मजूर बोलावले गेले. १९६४ पर्यंत असे सुमारे ४६ लाख करारनामे झाले, काही माणसांचे तर अनेकदा. याच काळात, १९५४ मध्ये, मेक्सिकन लोकांना धरून परत पाठवण्याची लष्करी थाटाची मोहीमही झाली. एका दाराने बोलावणे, दुसऱ्या दाराने हाकलणे! देशवार कोट्याची १९२४ ची पद्धत रद्द करणारा कायदा १९६५ मध्ये झाला.

वर्गात एक गणित देता येईल. समजा, एका देशात जन्मलेले रहिवासी १८९० मध्ये १ लाख आणि १९२० मध्ये १० लाख होते. दोन्हींचे २ टक्के काढा: २ हजार आणि २० हजार. टक्केवारी सर्वांना सारखी दिसते, पण निकाल पायाभूत वर्षच ठरवते. ते वर्ष कोणी आणि का निवडले, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला की इतिहासाचा तास सुरू झाला.