दंतकथांच्या पलीकडचे संत पॅट्रिक

दरवर्षी १७ मार्च रोजी आयर्लंड आपल्या आश्रयदात्या संताचा सण साजरा करते. संत पॅट्रिक यांनी डोंगरावर चाळीस दिवस उपवास केला आणि बेटावरील सारे साप समुद्रात लोटले, अशी आख्यायिका तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शॅमरॉक या रानवेलीचे त्रिदल हाती धरून त्यांनी लोकांना पवित्र त्रैक्याचे रहस्य उलगडून दाखविले, अशीही कथा आहे. वस्तुतः हिमयुगानंतर आयर्लंडमध्ये साप असल्याचा पुरावाच मिळत नाही. शॅमरॉकची कथा तर ग्रंथांत प्रथम आढळते ती १७२६ साली, म्हणजे संतांच्या मृत्यूनंतर बाराशेहून अधिक वर्षांनी!

तरीही या कथांभोवती लोकजीवन फुलले. सणाच्या दिवशी आयरिश माणूस कोटावर शॅमरॉक लावून मिस्सेला जातो. पूर्वी मुले कागदाचे, तर मुली रंगीत फितींचे क्रूस मिरवीत. सण उपवासकाळात येत असल्याने त्या दिवशी मांसाहाराला मोकळीक मिळे. रात्री अखेरच्या पेल्यात शॅमरॉक ‘बुडविण्याची’ गमतीदार चालही होती. क्रो पॅट्रिक या डोंगरावर मात्र आजही जुलैच्या अखेरच्या रविवारी यात्रेकरू चढतात, काही जण अनवाणी!

देशांतर केलेल्या आयरिशांनी हा सण सोबत नेला. न्यूयॉर्कमधील मिरवणूक १७६२ सालापासूनची, तर डब्लिनची शासकीय मिरवणूक १९३१ मधली. परदेशी उपऱ्या ठरलेल्यांना या सणाने ताठ मानेने चालण्याचे बळ दिले. आपल्या पुण्यातही आयरिश सैनिकांच्या वास्तव्याची आठवण संत पॅट्रिक कॅथेड्रलच्या रूपाने उभी आहे.

परंतु मूळचे पॅट्रिक कोण होते? पाचव्या शतकातील त्यांचे दोन लॅटिन लेख आजही उपलब्ध आहेत. त्यांत ना साप आहेत, ना शॅमरॉक. आहे तो एक ब्रिटनवासी तरुण. सोळाव्या वर्षी चाच्यांनी त्याला पळवून आयर्लंडमध्ये गुलाम केले. सहा वर्षे त्याने गुरे राखली. थंडीपावसात, पहाटेपूर्वी उठून तो प्रार्थना करीत असे. पुढे तो निसटून घरी पोहोचला. मात्र स्वप्नात त्याला आयरिश लोकांची आर्त हाक ऐकू आली आणि ज्यांनी गुलाम केले त्यांच्याकडेच तो सुवार्ता घेऊन परतला. दुसरा लेख म्हणजे कोरोटिकसच्या सैनिकांना लिहिलेले संतप्त पत्र. या सैनिकांनी नवस्नात ख्रिस्ती जनांपैकी काहींची कत्तल केली होती, काहींना गुलाम म्हणून नेले होते. स्वतः गुलामी भोगलेल्या माणसाचा तो टाहो होता.

दंतकथा लोकांच्या प्रेमातून जन्मतात, म्हणून त्यांची हेटाळणी करू नये. मुलांना सापांची गोष्ट जरूर सांगावी. मात्र तिच्यापाठोपाठ त्या गुलाम गुराख्याचीही सांगावी. साप पळविण्यापेक्षा, मनातील सूडाचे विष उतरवून शत्रूच्या दारी परत जाणे हा कितीतरी मोठा चमत्कार होय.