विजयालक्ष्मीचं काळं पाणी

ठाणे जेलवरून जाताना सावरकर आठवतात. १९११ साली अंदमानला नेण्याआधी त्यांना इथे ठेवलं होतं. पण काळ्या पाण्याची शिक्षा बायकांनाही व्हायची, हे माझ्या गावीही नव्हतं!

सुरतची ब्राह्मण विधवा विजयालक्ष्मी. लोकलाजेपायी नवजात मूल मारलं म्हणून १८८१ मध्ये फाशी, अपिलात जन्मभर काळं पाणी, शेवटी पाच वर्षांवर आलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चाच, पण कागदावर! ‘पुणे वैभव’ने बायकांनाच झोडपलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या आणि १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आलं. सगळे दोष बायकांच्याच माथी का, हा त्यांचा सवाल.

मूल काही एकटीचं नव्हतं, शिक्षा मात्र एकटीला. या वीकांताला ताराबाई वाचाच.